पाहुण्याचा शर्ट

लग्नाला जाताना काय घालायचं, हा प्रश्न पुरुषालाही पडू शकतो हे आमच्या घरात कुणाला मान्यच नाही. माझ्या बायकोच्या, म्हणजे मेघनाच्या मते माझ्याकडे लग्नाचा एक ड्रेस आहे आणि तो कपाटात उजवीकडे टांगलेला आहे. या विषयावर तिच्याकडून याहून जास्त माहिती मिळत नाही. तो ड्रेस म्हणजे मरून झब्बा आणि पांढरी सुरवार. लालबाग-परळमधल्या झाडून सगळ्या लग्नांना तो झब्बा जाऊन आलेला आहे. मला तर कधीकधी वाटतं की लोक त्या झब्ब्यालाच ओळखतात आणि आत कोण आहे हे कुणी बघतही नाही.

पण या वेळी पत्रिका मोबाइलवर आली आणि तिच्यात खाली, 'आपली उपस्थिती हाच अहेर' असतं त्या जागी, लिहिलं होतं : 'ड्रेस कोड - बीच फॉर्मल. सेज ग्रीन आणि आयव्हरी.' लग्न माझ्या भाचीचं, स्पृहाचं. स्थळ अलिबागच्या पुढचा एक समुद्रकिनारा. किनाऱ्यावरचं कार्यालय वगैरे नाही, चक्क वाळू. मुहूर्त गोरज होता, त्याला कार्यक्रम करणाऱ्या कंपनीने 'सनसेट' म्हटलं होतं. गाई घरी येण्याच्या वेळेला समुद्राकाठी सूर्यच तेवढा घरी जातो, तेव्हा त्यालाही माझी हरकत नव्हती.

हरकत दुसऱ्याच गोष्टीला होती. पत्रिकेपाठोपाठ माझ्या बहिणीचा, पद्मजाचा फोन आला.

"दादा, या वेळी तू कशालाही हात लावायचा नाहीस हं. प्रत्येक लग्नात बघते मी, पाण्याचे जार तू आणतोस, भटजींना तू आणतोस, आणि जेवायला शेवटच्या पंगतीत बसतोस. इथे सगळं कंपनी करणार आहे. तू फक्त पाहुण्यासारखा ये."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग गॅलरीत कपडे वाळत घालताना तोच शब्द मनात घोळत राहिला. पाहुण्यासारखा.

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. आई-बाप नाही, मामा. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चालू असतात, आणि मामा भाचीच्या पाठीशी उभा असतो. काम एवढंच. त्याला बोलायचं नसतं आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पण त्या एवढ्याशा कामाची मी स्पृहा बालवाडीत होती तेव्हापासून वाट बघत होतो. पद्मजा बँकेत नोकरीला, त्यामुळे ही मुलगी वाढली ती आमच्या लालबागच्या चाळीत. सकाळी ऑफिसला निघण्याआधी शाळेसाठी तिच्या वेण्या मी घालायचो. माझ्या हातची एक वेणी नेहमी कानाच्या पुढून निघायची आणि बाई तिला वर्गात पुन्हा घालून द्यायच्या, तरी ती दुसऱ्या दिवशी फणी घेऊन माझ्याकडेच यायची. ती माझी फार लाडकी आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण आमच्या घरात असं काही सांगायची पद्धत नाही.

पत्रिकेबरोबर कार्यक्रमपत्रिकाही होती. तिच्यात 'ग्रूम एंट्री' होती, 'ब्राइड एंट्री' होती, 'कपल डान्स' होता, एवढंच काय, 'नारळपाणी काउंटर' सुद्धा होता. मामा नव्हता. मी विमा कंपनीत आहे. परिपत्रकात आपलं नाव नसलं की त्याचा अर्थ काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पद्मजाला विचारता आलं असतं. पण "अगं, मला बोलावणार ना?" असं मामाने विचारायचं म्हणजे पंगतीत बसून "मला श्रीखंड वाढणार ना?" असं विचारण्यासारखं आहे. न वाढलेलं परवडलं.

तेव्हा मी ठरवलं की पाहुणा तर पाहुणा. पण असा पाहुणा व्हायचं की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. सम्यकच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या घरचे लोक मोठे, परदेशात राहून आलेले. लालबागच्या मामाकडे बघून त्यांनी एकमेकांना खुणा कराव्यात आणि माझ्या पोरीची मान खाली जावी, हे मला चालणार नव्हतं. त्या सगळ्यांत मी असा मिसळून गेलो पाहिजे की मी आलो होतो हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहू नये.

इथे शेजारच्या हितेंद्रने प्रवेश केला. आमची चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला, पण या पुनर्विकासात हितेंद्र पुन्हा माझ्याच शेजारी आला. तो ऑफिसतर्फे दोनदा गोव्याला जाऊन आलेला असल्यामुळे समुद्रकिनारा हा विषय आमच्या मजल्यावर त्याच्याकडे आहे.

"टेन्शन घेऊ नको रे," तो म्हणाला. "बीच वेडिंग म्हणजे एकदम रिलॅक्स सीन. सूट घालून गेलास ना, तर लोक तुझ्याकडे पाणी मागतील. हाफ पॅन्ट, वर फुलाफुलाचा शर्ट. माझ्याकडे आहे, घेऊन जा बिनधास्त."

त्याने आणलेल्या शर्टावर अननस होते. मोठे, पिकलेले आणि पानांसकट. मी तो शर्ट आणि ती अर्धी चड्डी घालून बाहेरच्या खोलीत आलो. तिथे तात्या पेपर वाचत होते. तात्या म्हणजे माझे वडील. ते मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण माणूस भेटला की आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघायची त्यांची सवय काही गेली नाही. लिफ्टमधल्या अनोळखी माणसांना याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"लग्नाक जातंस की आंघोळीक?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा पेपर वर केला. हितेंद्र शर्ट घेऊन गेला. पुढे आठवडाभर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता.

मग मी आणि मेघना दादरला गेलो. दुकानदाराने 'बीच' हा शब्द ऐकताच "लिनन" असं म्हणून समोर शर्टांचा ढीग घातला. सगळे चुरगळलेले होते. मेघनाने त्याला इस्त्री केलेले दाखवायला सांगितले.

"मॅडम, लिनन असंच असतं. चुरगळलेलं दिसायला पाहिजे, तीच त्याची शान आहे."

"म्हणजे धुवून न झटकता वाळत घातलेलं कापड आम्ही जास्त पैसे देऊन घ्यायचं?" मेघना म्हणाली. "ते तर आमच्याकडे हे रोज करतात."

मी तो वार झेलला आणि शर्ट घालून बघितला. 'स्लिम फिट' नावाची एक पद्धत निघाली आहे, तिच्यात पोट ही गोष्ट गृहीतच धरलेली नाही. वरची बटणं लागली, खालची लागली, मधल्या दोघांनी मात्र आपली अडचण स्पष्टपणे कळवली. दुकानदार मोठ्या मनाने म्हणाला, "साहेब, तुम्ही कापडच घ्या." तो असं म्हणाला तेव्हा दुकानातल्या दोन तरुण मुलांनी माझ्याकडे वळून पाहिलं, हे मी विसरलेलो नाही.

आता सेज ग्रीन म्हणजे कोणता हिरवा? दुकानदाराने पिस्त्यापासून पोपटापर्यंत सगळे हिरवे काढले. सेज नावाचा पाला त्यानेही पाहिलेला नव्हता आणि आम्हीही नाही. शेवटी मेघनाने "कोबीच्या बाहेरच्या पानासारखा असेल" असा निर्णय दिला आणि आम्ही तसं कापड फाडून घेतलं.

घरी येऊन पाहतो तर मोबाइलवर 'गेस्ट स्टायलिंग' नावाचा ग्रुप तयार झाला होता. कंपनीच्या प्रिती नावाच्या बाई तो चालवत होत्या. प्रत्येक पाहुण्याने आपल्या कपड्यांचा फोटो पाठवून मंजुरी घ्यायची होती. मी फोटो पाठवला. उत्तर आलं : 'अंकल, नॅचरल लाइटमध्ये प्लीज.' नॅचरल लाइट आमच्या टॉवरमध्ये फक्त गच्चीवर येतो आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी म्हणाले की अर्ज द्या, गच्चीचा वापर कशासाठी हे त्यात लिहा. 'शर्टाच्या कापडाचा फोटो' असं मी लिहिलं. हे व्यावसायिक चित्रीकरणात मोडतं की नाही यावर कमिटीने चर्चा केली. अखेर वॉचमनच्या उपस्थितीत, गच्चीच्या दाराशीच, मी कापड खांद्यावर टाकून उभा राहिलो आणि वॉचमननेच फोटो काढला.

प्रितीबाईंनी कळवलं, 'अंकल, हा मिंट आहे. आपली थीम सेज आहे. प्लीज री-सबमिट.'

मी क्लेम खात्यात आहे. आयुष्यभर मी लोकांचे कागद त्रुटी काढून परत पाठवत आलो. ती चिठ्ठी हातात पडल्यावर त्या माणसांना काय वाटत असेल, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी समोर आलेले सगळे क्लेम पास केले.

दुकानदाराने फाडलेलं कापड परत घेतलं नाही. त्याचं बरोबरच होतं. कापड पिशवीत घेऊन मी घरी परतलो, ते टेबलावर ठेवलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर पिशवी रिकामी आणि न्हाणीघरात बादली भरलेली. बादलीत माझं कापड होतं आणि स्टुलावर तात्या बसले होते.

"तात्या, हे काय केलंत?"

"मीठ घालून भिजत घातलंय. पाणी पाजल्याशिवाय नव्या कापडाक कातर लावची नाय, एवढा पण तुका ठावक नाय? मागसून आटला तर पोटार बटणां लागतली?"

पोटाचा उल्लेख घरातूनही झाला. मी बादलीत पाहिलं. पाणी कोबीच्या बाहेरच्या पानासारखं झालं होतं आणि कापड कोबीच्या आतल्या पानासारखं. मी तिथेच उंबरठ्यावर बसलो. तात्यांना माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "रंग कच्चो होतो रे. आमच्या खात्यात असा कापड भायर सोडला नसता." मग त्यांनी स्वतःच ते पिळलं आणि दोन्ही टोकं धरायला मला हाक मारली. आम्ही बापलेकांनी ते झटकून वाळत घातलं. त्यांचे हात आता कापतात, पण कापडाची घडी मात्र अजून काठाला काठ लावूनच पडते.

वाळल्यावर, आता गमावण्यासारखं काही नाही म्हणून, मी खिडकीपाशीच एक फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं : 'परफेक्ट सेज, अंकल. अप्रूव्ह्ड.' सोबत एक हृदय होतं. त्यानंतर दोन दिवस तात्यांशी बोलणं अवघड झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही त्यांनी कपडे भिजत घालायला लावले.

शर्ट अण्णांनी शिवला. गल्लीतले अण्णा टेलर आता फक्त शाळेचे गणवेश शिवतात, त्यामुळे शर्टाला छातीवर मोठा खिसा आणि त्यात पेनासाठी वेगळा कप्पा आला. तोही मी स्वीकारला. पण मेघनाच्याने चुरगळलेलं कापड बघवेना. "तुमच्या लिननची शान असेल," ती म्हणाली, "पण तुम्ही असे गेलात तर लोक मला नावं ठेवतील." आणि तिने साबुदाण्याची खळ केली. तिने शर्टाला खळ दिली, त्याबरोबर घेतलेल्या आयव्हरी पॅन्टला खळ दिली आणि वर कडक इस्त्री मारली. शर्ट खुर्चीवर ठेवला तर तो पाठ ताठ करून बसून राहिला. त्यात हात घालताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

लग्नाच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो तेव्हा मी एवढा ताठ होतो की एका बाईंनी मला उठून जागा दिली, त्यांना वाटलं माझी पाठ धरली आहे. पण समुद्राचा वारा लागला आणि खळ विरघळू लागली. आधी कॉलर पडली, मग बाह्या. मांडव्याला उतरेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता आणि गाडीतून पुढे जाईपर्यंत त्याला पडायच्या तेवढ्या सगळ्या सुरकुत्या पडल्या होत्या. मेघना वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

आणि किनाऱ्यावर पोचलो तर काय पाहिलं असेल? सगळे पुरुष सेज हिरव्या शर्टात, आयव्हरी पॅन्टमध्ये आणि मनसोक्त चुरगळलेले. परदेशातले, दादरचे, ठाण्याचे, सगळे एकजात सारखे. सम्यकच्या काकांत आणि माझ्यात तसूभरही फरक नव्हता. एक गृहस्थ मला भलताच कुणी समजून "काय सुधाकरराव" म्हणून मिठी मारून पुढे गेले. महिनाभराची मेहनत फळाला आली होती. मी अगदी पाहुण्यासारखा दिसत होतो.

तात्यांना पुढे म्हाताऱ्यांच्या सोफ्यावर बसवलं. मी आणि मेघना मागच्या एका रांगेत खुर्च्यांवर बसलो. पायाखाली वाळू होती, समोर फुलांचा मांडव, त्याच्या मागे समुद्र. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगायचं तर आपण इतके छान मिसळून गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं होतं.

सम्यक पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. भटजी एक डोळा घड्याळावर आणि एक सूर्यावर ठेवून होते. मग संगीत सुरू झालं आणि मागच्या टोकाला, पांढऱ्या कापडाच्या वाटेवर, स्पृहा आली. पिवळी अष्टपुत्री, कपाळावर मुंडावळ्या. एवढीशी होती हो ती.

ती वाटेच्या तोंडाशी उभी राहिली आणि पुढे येईना.

संगीताचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. कानाला यंत्र लावलेल्या प्रितीबाई धावत तिच्यापाशी गेल्या, काहीतरी बोलल्या आणि धावत माइकपाशी आल्या. "मामा... मामांनी प्लीज पुढे यावं."

हिरव्या शर्टातले चार जण उठले. एक सम्यकचे मामा होते. दोघे स्पृहाच्या वडिलांकडचे, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं. चौथे गृहस्थ त्यांच्या ऑफिसात मामा होते. प्रितीबाईंनी त्यातल्या सर्वांत जवळच्या मामांना दंडाला धरून स्पृहासमोर नेलं. तिने मान हलवली. दुसऱ्यांना नेलं. पुन्हा मान हलली.

"अहो, उठा ना," मेघनाने कोपर मारलं. पण मी जागचा हललो नाही. कार्यक्रमात मामा नव्हता. आणि आपण उठून गेलो, आणि एवढ्या लोकांसमोर तिथेही मान हलली तर? ती भीती मी तुम्हाला समजावून सांगू शकत नाही. तेवढ्यात माइक नाही, काही नाही, स्पृहाचाच आवाज आला.

"मामा, हात वर कर ना रे. मला दिसत नाहीये."

तिने चष्मा काढून ठेवला होता. नवरीचे फोटो चष्म्यात चांगले येत नाहीत असं कुणीतरी ठरवलं होतं, आणि लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नाहीत. चष्म्याशिवाय तिला हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नाही. समोर तिला फक्त फिकट हिरव्या रंगाचा एक लांबलचक पट्टा दिसत असणार, आणि त्यात कुठेतरी तिचा मामा होता, मुद्दाम मिसळून गेलेला.

मी हात वर केला. काखेत शिवण उसवल्याचा आवाज झाला आणि तो आजूबाजूच्या रांगांनीही ऐकला. तसाच हात वर धरून मी खुर्च्यांतून वाट काढत निघालो. वाटेत पद्मजा भेटली.

"दादा, तू तिकडे काय बसलास?"

"तूच म्हणालीस, पाहुण्यासारखा ये."

"अरे, काम करू नकोस म्हणाले. मामा होऊ नकोस असं म्हणाले का मी?"

"कार्यक्रमात नव्हतं लिहिलेलं."

"कार्यक्रमात भटजी तरी कुठे लिहिलेत?"

मी स्पृहासमोर जाऊन उभा राहिलो. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, अगदी जवळ आली, आणि मग तिचा चेहरा सैल झाला.

"कुठे होतास?"

"पाहुण्यांत."

"तिथे कशाला?" ती म्हणाली. तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. बांगड्या माझ्या मनगटाला टोचत होत्या. "चल. पण हळू चल हं मामा. मला पुढचं काहीच दिसत नाहीये."

मी म्हटलं, "मी आहे ना." आणि तिला घेऊन निघालो. मलाही त्या वेळी पुढचं नीट दिसत नव्हतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.